नव्वद दिवसांची मावशी

माझी मावशी कुठलीही वस्तू बाळासारखी गुंडाळायची. चष्मा, थर्मास, नारळ, साबण, पासपोर्ट, काहीही. दुपटं पसरायचं, वस्तू मधोमध तिरकी ठेवायची, खालचं टोक पोटावर, मग डावं, मग उजवं, ते पाठीखाली खोचायचं आणि वरचं टोक डोक्यावरून कपाळापर्यंत आणून थांबायचं. नारळाला कपाळ कुठलं, असं विचारायची सोय नव्हती. एका तालुक्याच्या गावातल्या प्रसूतिगृहात चौतीस वर्षं सिस्टर म्हणून तिने एवढी पोरं गुंडाळली होती, की तिचे हात दुसरं काही करायला तयारच नसत. नारिता विमानतळावर कस्टमच्या माणसाने तिची बॅग उघडली, तेव्हा आत ओळीने झोपवलेली वीस-पंचवीस गाठोडी बघून तो दोन पावलं मागे सरकला म्हणे. "घाबरू नका, डिंकाचे लाडू आहेत," असं मावशीने त्याला मराठीत सांगितलं आणि एक गाठोडं सोडून दाखवलं. त्याने मान झुकवली, हिनेही झुकवली. मावशीचं जपान्यांशी शेवटपर्यंत असंच चालायचं. ती मराठीत बोलायची, ते जपानीत बोलायचे आणि दोन्ही बाजूंना काम झाल्याचं समाधान असायचं.

ती आली होती माझ्या बाळंतपणाला. आणि माझं बाळ ती यायच्या तीन आठवडे आधीच गेलं होतं.

आठवा महिना संपत आला होता. एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. एवढंच घडलं. बाकीचं मी इथे लिहीत नाही, ज्या बायकांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मुलगी होती. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला मावशी येणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा हातात होता, तिकीट काढलेलं होतं. आता येऊ नकोस, असं सांगायला मी नवऱ्याला फोन करायला लावला. "मावशी, आता काय करणार तुम्ही इथे येऊन?" असं तो चाचरत म्हणाला. तिकडून उत्तर आलं, "जावईबापू, बाळंतीण ती बाळंतीण. मूल असो नसो, कंबर तीच." आणि ती आली.

माय मरो आणि मावशी उरो, असं आपल्याकडे म्हणतात. त्या दिवसांत ही म्हण आठवली की मला दात-ओठ खावेसे वाटत. कारण माझं मावशीशी एक भांडण होतं आणि ते तिला माहीत नव्हतं.

हॉस्पिटलात सगळं आटोपल्यावर तिथली नर्स माझ्या उशाशी गुडघे टेकून बसली. तिने विचारलं, "बाळाला भेटणार का?" बघणार का, असं नाही म्हणाली. भेटणार का, म्हणाली. माझं जपानी तेव्हा बेताचंच होतं, पुण्यात दोन परीक्षा दिलेल्या तेवढंच, पण हे वाक्य मला पहिल्या फटक्यात कळलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो नुकताच कॉरिडॉरमधून मावशीशी फोनवर बोलून आला होता. तो म्हणाला, "मावशी म्हणतात, दाखवू नका. एकदा तोंड बघितलं की जन्मभर दिसतं." सिस्टरबाईंचा सल्ला. चौतीस वर्षांचा अनुभव. मी मान हलवून नको म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. नर्सने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. मग ती उठून गेली, तिच्या बुटांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

मग घरी आल्यावर दूध आलं. मुलगी गेल्याचं दुधाला कुणी कळवलंच नव्हतं. आणि रात्रंदिवस एकच विचार सुरू झाला. कशी होती? कुणासारखी होती? तोंड बघितलं असतं तर जन्मभर दिसलं असतं हे खरं. न बघितलेलं तोंडही जन्मभर दिसत राहतं, हे मात्र मावशीने सांगितलं नव्हतं. ते रोज वेगळं दिसतं, एवढाच फरक.

तर अशा माझ्या घरात, टोकियोच्या एदोगावा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मावशी गाठोडी घेऊन दाखल झाली. ते दिवस इंजिनियरांच्या लोंढ्याचे. आमच्या वसाहतीत दर महिन्याला एखादं नवं मराठी जोडपं प्रेशर कुकर घेऊन उतरत होतं. नवरे सकाळी तोयोसुच्या उंच इमारतींत बँकांची कॉम्प्युटरची कामं करायला जात आणि बायका दिवसभर कचऱ्याची वर्गवारी शिकत. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या. मोठ्या वस्तू टाकायच्या तर कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, चिठ्ठी विकत आणून वस्तूवर चिकटवायची. आमचा पाळण्याचा खोका असाच चिठ्ठी चिकटवून गेला. न उघडता.

मावशीने दुसऱ्याच दिवशी बाळंतपण सुरू केलं. सकाळी सात वाजता तातामीच्या चटईवर जुनी चादर अंथरून मला आडवी घातली आणि तेल चोळायला घेतलं. मी म्हटलं, "मावशी, नको गं." ती म्हणाली, "तू गप पड." पोट बांधलं, कंबर शेकली, डोक्याला रुमाल बांधला. मालीश संपताना रोज माझा डावा कान धरून ओढायची. माझ्या डाव्या कानाची वरची कड जन्मापासून दुमडलेली आहे. माझाही जन्म मावशीच्याच हातचा. "चाळीस दिवस तेल लावून दाबला होता हा कान," ती दर सकाळी म्हणायची. "एवढी पोरं सरळ केली, हा कान काही ऐकला नाही."

चौथ्या दिवशी तिने धुरी दिली. करवंटी गॅसवर पेटवून तिचा निखारा तव्यात घेतला, वर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकली. दोन मिनिटांत छतातल्या अलार्ममधली जपानी बाई शांत आवाजात "आग लागली आहे, आग लागली आहे" असं सांगू लागली. "ही कोण बोलतीय?" मावशी वर बघून म्हणाली, "तिला म्हणावं आग नाही, धुरी आहे." तोवर इमारतीचा केअरटेकर, कान्रीनिन म्हणतात त्यांना, अग्निशामक नळकांडं घेऊन दारात. साठीचे, टोपी घातलेले गृहस्थ. मी डोक्याला रुमाल बांधून, तेलाने निथळत, धुरात उभी. महिन्यापूर्वी पाळण्याचा खोका त्यांनीच खाली कचऱ्याच्या जागेत लावून घेतला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टोपी काढली, खिडक्या उघडून दिल्या आणि एक शब्द न बोलता निघाले. मावशीने मागे धावत जाऊन त्यांच्या हातात लाडवाचं एक गाठोडं ठेवलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, तसं धरूनच जिना उतरले. मी मात्र त्या दिवशी मावशीवर जाम ओरडले. बाळच नाही तर धुरी कुणासाठी, असं काहीबाही बोलले. तिने ऐकून घेतलं आणि तवा घासायला गेली.

रडण्याबद्दल तिचं एक ठरलेलं मत होतं. "रडायचं तर भांडी घासताना रडावं. कुणाला कळत नाही आणि काम थांबत नाही." माझ्या आईच्या तेराव्याला तिने एकटीने सगळ्या गावाची भांडी घासली होती. तेव्हा लोक म्हणाले होते, काय काटक बाई आहे. मीही तेच म्हणाले होते.

बाळाबद्दल तिने एक अवाक्षर काढलं नाही. मला ते सर्वांत झोंबायचं. वसाहतीतल्या बायका येत, माझा हात हातात घेत. एकजण म्हणाली, "अजून वय आहे तुझं. पुढच्या वेळी बघ, जुळंच होईल." त्यावर मावशी कपात बघून म्हणाली, "चहात आलं जास्त झालंय." ती बाईही कपात बघू लागली. मला वाटलं, ही माझी मावशी? हिला काळीज आहे का? पुढे कित्येक वर्षांनी मला उमगलं की चहात आलं घातलेलंच नव्हतं.

आणि दुपटी. माझ्या आईच्या जुन्या, मऊसूत झालेल्या लुगड्यांची बारा दुपटी मावशीने हाताने शिवून ठेवली होती. ती तिने बरोबर आणली. कपाटात लपवून ठेवली असती तर मी समजू शकले असते. पण ती बाई त्या दुपट्यांनी ओली छत्री पुसायची, स्टेशनवरचा बाक पुसायची. मी एकदा हिसकावून घेतलं तर म्हणाली, "कापड वापरावं. घडी घालून ठेवलेलं कापड कुजतं." मी ते दुपटं तिच्या अंगावर फेकलं.

मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. मामेभावाचा फोन आला, "तू इतक्या लांबून कशाला येतेस? आणि शेवटी शेवटी फार वाळली होती गं ती. नकोच बघूस, आहे तशी लक्षात राहू दे." मी म्हटलं, मी निघालेय, मी येईपर्यंत तिचं तोंड कुणी झाकायचं नाही. मी एवढं का भडकले ते त्याला कळलं नाही. त्याचा काही दोष नाही, तो त्या शनिवारी आमच्याबरोबर नव्हता.

त्या शनिवारी टोकियो बघायचं ठरलं होतं. आल्यासारखं बघून घ्यावं, हे मावशीचं आणखी एक तत्त्व. निवृत्त झालेल्या मैत्रिणींनी तिला एका वहीच्या पानावर काय काय बघायचं ते लिहून दिलं होतं आणि त्यात सर्वांत वर लाल टॉवर होता. जूनचा महिना होता, त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, लागला होता. या पावसाला जोर नसतो, पण तो थांबत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखा, मुकाट पडतो. नवऱ्याच्या ऑफिसचं काहीतरी बंद पडलं होतं, म्हणून तो घरूनच लॅपटॉपवर बसणार होता. मला तर अंथरुणातून उठायची इच्छा नव्हती. मी म्हटलं, "मावशी, पाऊस आहे."

"त्याला कोण विचारतंय? तो काय तिकीट काढून आलाय? तिकीट मी काढलंय."

नऊवारीवर माझ्या नवऱ्याचं रेनकोट-जॅकेट, पायांत मोजे आणि चपला, खांद्याला शबनम, शबनममध्ये बाळासारखा गुंडाळलेला थर्मास आणि दोन जादा दुपटी. अशी मावशी निघाली. गाडीत तिने समोरच्या झोपलेल्या माणसाचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर नीट टेकवून दिलं. मी तिच्यापासून दोन माणसं सोडून उभी होते, ओळख नसल्यासारखी.

टॉवर दिसलाच नाही. म्हणजे पाय दिसले, लाल, भले मोठे. कमरेच्या वर सगळं ढगात. तिकिटाच्या खिडकीवर पाटीही लावली होती, आज वरून काही दिसणार नाही म्हणून. मी ती तिला वाचून दाखवली. मावशी मान वर करून बराच वेळ बघत राहिली. "अर्धा बघितला असं लिहीन," ती म्हणाली. "मुंडकं आत ओढून घेतलंय म्हणावं." मी हसले नाही. मला घरी जायचं होतं.

परतताना वाटेत मोठं देऊळ लागलं. पाऊस चुकवायला आम्ही आवारात शिरलो. मुख्य देवळाच्या बाजूने एक वाट जात होती आणि त्या वाटेच्या कडेने ओळीने लहान लहान दगडी मूर्ती होत्या. गुडघ्याएवढ्या. शेकड्यांनी. प्रत्येकीच्या डोक्यावर लोकरीचं लाल टोपडं, गळ्यात लाळेरं, शेजारी फुलं आणि एक भिरभिरं. वारा नव्हता, भिरभिरी भिजून लोंबत होती. टोपड्यांतून पाणी त्या गोल, मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यांवरून ओघळत होतं.

मी जागीच थांबले. पाटी वाचायची गरज पडली नाही. नर्सने मला हॉस्पिटलातून निघताना एक पत्रक दिलं होतं, त्यावर अशाच मूर्तीचं चित्र होतं. मी ते पत्रक घरी न वाचता जळणाऱ्या कचऱ्यात टाकलं होतं.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती छत्री मिटून सरळ पुढे गेली. "अगंबाई," ती म्हणाली, "भिजलीत की सगळी." आणि तिने पहिल्या मूर्तीचं टोपडं काढलं, दोन्ही हातांनी पिळलं, झटकलं आणि परत घातलं. मग लाळेरं सोडलं, पिळलं, बांधलं. शबनममधून दुपटं काढून तोंड पुसलं, नाकाच्या कडेने, मग कानामागे. मग दुसरी मूर्ती. मग तिसरी. हात किती झरझर चालत होते! वॉर्डात सकाळची फेरी असावी तशी ती ओळीने निघाली होती.

"मावशी, हात लावू नकोस! मावशी!"

ती ऐकेना. आणि तेवढ्यात देवळाकडून एक म्हातारे गृहस्थ आले, निळ्या सुती कपड्यांतले, हातात पारदर्शक छत्री. देवळातलेच कुणीतरी असावेत. मी कमरेत वाकून माफी मागायला सुरुवात केली, ही माझी मावशी, भारतातून आली आहे, तिला माहीत नाही. मावशी त्यांना म्हणाली, "अहो, पोरं गारठलीत. कुणी बघायला आहे का नाही इथं?"

त्यांनी मला विचारलं, त्या काय म्हणतात? मी सांगितलं. मग ते माझ्याकडे नीट बघून हळू आवाजात म्हणाले, "तुमचं किती महिन्यांचं होतं?"

त्यांना कसं कळलं कोण जाणे. रोज बघत असतील माझ्यासारखे चेहरे. मी म्हणाले, "आठ. मुलगी." जपानीत म्हणाले. महिन्या-दीड महिन्यात हे शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढले, आणि काढले ते परक्या भाषेत, परक्या माणसापुढे, म्हणूनच निघाले असतील. त्यांनी छत्री बाजूला करून, पावसात, मला वाकून नमस्कार केला. मग मावशीलाही केला. "सावकाश होऊ द्या," असं म्हणून ते गेले.

"काय म्हणाला तो?" मावशीने विचारलं. तिच्या हातात एक पिळलेलं टोपडं होतं.

मी सांगणार नव्हते. पण आता एकदा तोंड उघडलं होतं. "मावशी, ही जन्माला यायच्या आधी गेलेली मुलं आहेत. आईबाप येऊन एकेक मूर्ती ठेवतात. टोपडं घालतात. बोलतात त्यांच्याशी."

मावशीने हातातल्या टोपड्याकडे बघितलं. मग त्या सगळ्या ओळीकडे, पार टोकापर्यंत. ती खाली बसली. ओल्या फरशीवर, नऊवारीसकट, फतकल घालून. मावशीला बसलेली मी क्वचितच बघितली होती.

तिच्यासमोर ओळीतली एक मूर्ती उघडीबोडकी होती. टोपडं नाही, लाळेरं नाही. तिचे आईबाप म्हातारे झाले असतील, नाहीतर कुठे लांब गेले असतील. मावशीने शबनममधून दुसरं दुपटं काढलं. आईच्या अबोली लुगड्याचं, मला आठवतं ते. मूर्ती उचलता येण्यासारखी नव्हती, म्हणून तिने दुपटंच तिच्याभोवती घेतलं. खालचं टोक पोटावर. डावं. उजवं, पाठीखाली खोचलं. वरचं टोक डोक्यावर घेतलं आणि तिचा हात कपाळाशी थांबला.

"आमच्याकडे असं काही झालं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "की हे टोक तोंडावरून खाली ओढायचं. वरून खूण कळली पाहिजे, की हे आईकडे न्यायचं नाही. ते काम माझं. डॉक्टर निघून जायचे. पोरी विचारायच्या, सिस्टर, कुणावर गेलं होतं? मी म्हणायचे, झोप आता."

तिने दुपट्याच्या टोकावरची सुरकुती बोटाने सरळ केली.

"मला तसंच शिकवलेलं. आईला माया लागू द्यायची नाही. मी चौतीस वर्षं तेच केलं."

"आणि तू? तू बघायचीस?"

"मग? कुणीतरी बघायला नको? आलं होतं ना ते पार इथपर्यंत!" तिचा आवाज चढला. "मी बघायचे प्रत्येकाचं. मग टोक ओढायचे. सगळी आहेत माझ्याजवळ. कुणाची जिवणी, कुणाचं नाक. रात्री डोळे मिटले की येतात. त्यांच्या आयांनी कधी बघितलं नाही आणि मी बघून बसलीय." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "तुझ्या पोरीचं तेवढं नाही. तिचं ना तुझ्याजवळ, ना माझ्याजवळ. माझ्यामुळे."

पाऊस पडत होता. माझ्या छत्रीवर त्याचा आवाज होत होता आणि मावशी छत्रीबाहेर होती. मी पुढे होऊन तिच्यावर छत्री धरली.

"चुकले गं मी," ती म्हणाली. "फोनवर सांगून मोकळी झाले. तुला बघू द्यायला हवं होतं."

मावशी कुणाला चुकले म्हणाल्याचं आमच्या घराण्यात कुणी ऐकलेलं नाही. मी दीड महिना या एका वाक्यासाठी तिच्यावर धुमसत होते. ते मिळालं आणि त्याचं काय करावं ते मला कळेना. राग गेला असं नाही म्हणणार. पण तो धरायला हातात जोर राहिला नाही. मी तिच्या शेजारी ओल्यात बसले. मूर्तीच्या तोंडावर पाणी उडत होतं, ते तिने बोटाने पुसलं. वरचं टोक तिने ओढलं नाही, कपाळावर नीट बसवलं आणि हात काढून घेतला.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "जावईबापूंनी बघितलं होतं?"

"तूच नको म्हणालीस ना त्यालाही?"

"मी म्हणाले होते. त्यांनी ऐकलं का, ते विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. बाळाला घेऊन स्मशानात नवराच गेला होता, ऑफिसातला एक सहकारी तेवढा सोबतीला. आपल्याकडे एवढ्या लहानग्यांना पुरतात, इथे दहनच करावं लागतं, त्यावरून सासरच्या वडीलधाऱ्यांनी फोनवर त्याला चार शब्द सुनावले होते. आल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "झालं सगळं." चौथ्या दिवशी कामावर गेला. त्याला काही वाटतच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मावशीला काळीज नाही, नवऱ्याला काही वाटत नाही. शोक माझा एकटीचा. एवढी मी त्या दिवसांत शहाणी झाले होते.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. तो जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसलेला. "काय मावशी, बघितला का टॉवर?" त्याने विचारलं.

मावशीने जॅकेट काढलं नाही, ओले मोजे काढले नाहीत. पायांचे ठसे उमटवत ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, तुम्ही पोरीचं तोंड बघितलं होतं का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी दाराशी, हातात गळणारी छत्री.

"तुम्ही नको म्हणाला होतात, मावशी."

"मी काय म्हणाले ते विसरा. ते चुकीचं होतं. बघितलं होतं का?"

त्याने लॅपटॉप मिटला. मिटल्यावरही झाकणावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "हो."

"सगळं?"

"नर्सने हातात दिली. नाही कसं म्हणणार?" त्याचा आवाज फाटला. "बराच वेळ होती माझ्याजवळ. मी हिला सांगितलं नाही. हिला त्रास होईल म्हणून..."

"आता सांगा," मावशी म्हणाली. "हिला सांगा. काही गाळू नका." आणि ती वळून स्वयंपाकघरात गेली. आमच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे काय, एक पडदा आणि त्यामागे ओटा. सगळं ऐकू येतं.

मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. तो हात मांडीवर ठेवून बसला, मग त्याने ते उचलून टेबलावर ठेवले, एकमेकांपासून थोडे लांब.

"एवढी होती," तो म्हणाला. "केस होते. खूप होते. काळे. ओले होऊन कपाळावर चिकटले होते, नर्सने बाजूला केले."

"नाक?"

"माझ्यावर नव्हतं. चांगलं होतं." तो हसल्यासारखं करून थांबला. "हनुवटी तुझी. झोपल्यासारखीच वाटत होती. ओठ जरा काळसर पडले होते, बाकी काही नाही. नखं होती. आणि एक कान, वरून, असा..." त्याने स्वतःच्या कानाची कड बोटाने दुमडून दाखवली.

माझा हात आपोआप माझ्या कानाकडे गेला.

पडद्यामागे खुडबुड चालली होती, ती थांबली.

"कुठला कान?" मावशीने आतून विचारलं.

तो डोळे मिटून आठवत राहिला.

"डावा," तो म्हणाला.

आतून नळ सोडल्याचा आवाज आला, जोरात, आणि तो कितीतरी वेळ चालू राहिला. भांडी तर तिने सकाळीच घासून ठेवली होती.